मारेकरी पहिल्याच दृश्यात

शके 1551, श्रावण पौर्णिमा. तारीख 25 जुलै 1629. दौलताबादच्या किल्ल्यात, निजामशहाच्या भर दरबारात, त्या दिवशी चार माणसं मारली गेली आणि चौघंही एकाच घरातली होती. सिंदखेडचे लखुजी जाधवराव, त्यांचे मुलगे अचलोजी आणि राघोजी, आणि नातू यशवंतराव. मुजऱ्याला बोलावणं होतं. मुजरा झाला, निजामशहा आसनावरून उठून आत निघून गेला, आणि आधीच तयार ठेवलेले हत्यारबंद लोक चौघांवर तुटून पडले. जिजाऊंचे वडील, दोन भाऊ आणि एक भाचा घटकाभरात गेले. आज आपण ज्या पौर्णिमेला राख्या बांधतो, तीच ही तिथी.

आमच्या भागात ही हकिगत शाळेच्या पुस्तकाआधी घरात कानावर पडते. देऊळगाव राजा हे जाधवांचं गाव. इथलं बालाजीचं मंदिर जाधवराजांनी उभं केलेलं, आणि अश्विनातल्या यात्रेत लाटांचा मंडपोत्सव होतो तेव्हा त्या घराण्याचा मान अजून पाळला जातो. किनगाव राजा, आडगाव राजा, मेहुणा राजा ही आसपासची गावंही याच घराण्याशी जोडलेली. सिंदखेड राजा तर हाकेच्या अंतरावर. 12 जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थळी माणसांचा पूर लोटतो. जन्म आम्ही मोठ्या मनानं साजरा करतो. त्याच लेकीचं माहेर एका दिवसात कसं कापलं गेलं, यावर मात्र दोन वाक्यांपुढं कुणी जात नाही.

गावातल्या एका तरुणाला त्या दोन वाक्यांपुढं जायचं आहे. लग्नाच्या आणि बारशाच्या शूटिंगवर त्याचं चालतं. कॅमेरा स्वतःचा आहे, ड्रोन भाड्यानं मिळतो. हत्तीघोड्यांचा ऐतिहासिक चित्रपट करायला लागणारे पैसे त्याच्याकडे नाहीत, आणि खरं तर तशी इच्छाही नाही. त्याला कल्पित माहितीपट करायचा आहे. जणू 1629 साली कॅमेरा होता, खुनाच्या दुसऱ्या दिवशी एक वार्ताहर दौलताबादला पोचला, आणि भेटेल त्याला थांबवून विचारत सुटला. द्वारपाल सांगतो आहे, मशालजी सांगतो आहे, तोंडावर शेला ओढून एक सरदार सांगतो आहे. संहिता घेऊन तो माझ्याकडे आला. बस स्टँडजवळच्या हॉटेलात चहा घेत आम्ही ती वाचून काढली. शेवटचं पान उलटल्यावर त्यानं विचारलं, "काका, मारणारा कोण हे पहिल्याच सीनमधी कळून गेलं, तर लोकं शेवटपर्यंत बसतीन कशाला?"

हा प्रश्न नवख्याचा नव्हे. राजकीय खुनाच्या कटावरचा चित्रपट म्हटला की प्रेक्षक मारेकरी शोधायला बसतो. गोळी कुठून आली, मागं कोण होतं, कुणी कुणाला पैसे दिले. इथं शोधायला काहीच नाही. ज्यानं मारवलं तो सिंहासनावर बसलेला होता, त्याच्याच घरात हे घडलं आणि त्यानं ते लपवलंही नाही.

त्याला हा घाट सुचला तो 'डेथ ऑफ अ प्रेसिडेंट' या ब्रिटिश चित्रपटावरून. गॅब्रिएल रेंज या दिग्दर्शकानं तो 2006 साली काढला. जॉर्ज बुश तेव्हा खरोखर अमेरिकेचे अध्यक्ष होते, आणि चित्रपटात 2007च्या ऑक्टोबरमध्ये शिकागोत त्यांचा खून होतो. म्हणजे अजून न उजाडलेल्या दिवसाचा माहितीपट. बुश यांची बातम्यांतली खरी चित्रं घेतली, त्यांत नट बेमालूम मिसळले, आणि अंगरक्षक, भाषण लिहिणारी बाई, पोलिस तपासनीस अशा काल्पनिक माणसांच्या मुलाखती इतक्या साधेपणानं घेतल्या, की पाहणारा मधेच विसरतो. जिवंत माणसाचा खून पडद्यावर दाखवला म्हणून फार आरडाओरडा झाला. मी तो पाहिला तेव्हा मला दुसरंच काही लागलं. खुनानंतर संशयाचं बोट सीरियात जन्मलेल्या एका मुसलमान माणसाकडे वळतं, पुरावे त्याच्याभोवती रचले जातात, शिक्षाही होते. पुढं कळतं की मारणारा निराळाच होता, इराकच्या युद्धात मुलगा गमावलेला एक बाप. तरीही पहिला माणूस तुरुंगातच राहतो. खून हे या चित्रपटाचं निमित्त आहे. त्याला दाखवायची आहे ती नंतरची घाई, आपल्याला हवा तो गुन्हेगार सापडल्याचं समाधान. तो भाग मला फार मोलाचा वाटतो.

पण त्याच चित्रपटानं मला या घाटाची भीतीही घातली. हलता कॅमेरा, अपुरा उजेड, मधेच तुटणारं वाक्य, एवढं असलं की आपण मान डोलावतो. ही सवय आपल्याला खऱ्या चित्रफितींनी लावली आहे. 22 नोव्हेंबर 1963 रोजी डॅलसमध्ये केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा अब्राहम झाप्रुडर नावाचा एक कपड्यांचा व्यावसायिक हौसेनं मिरवणूक टिपत होता. सव्वीस सेकंदांची, 486 चौकटींची, आवाज नसलेली ती पट्टी. साठ वर्षं झाली, लोक एकेक चौकट थांबवून पाहत आहेत आणि एकाच चौकटीतून दोन विरुद्ध निष्कर्ष काढत आहेत. 1991 साली ऑलिव्हर स्टोननं 'जेएफके'मध्ये ती खरी पट्टी आणि स्वतः घडवलेली दृश्यं अशी एकत्र विणली, की कुठली कोणती हे सामान्य प्रेक्षकाला सांगता येईना. त्या चित्रपटानं इतकी खळबळ उडाली की पुढच्याच वर्षी अमेरिकेत खुनाची कागदपत्रं खुली करण्याचा कायदा झाला. चित्रपटामुळं सरकारी कपाटं उघडली, हे चांगलंच झालं. पण घडवलेलं दृश्य हजारो माणसांच्या स्मरणात खरं म्हणून जाऊन बसलं, आणि ते आता कुठल्याही कायद्यानं बाहेर काढता येणार नाही.

म्हणून मी त्या मुलाला म्हटलं, तुझा द्वारपाल आधी बाजूला ठेव. त्याच्या तोंडी तू घालशील ते तुझं असेल, आणि तुझा कॅमेरा इतका खरा दिसतो की उद्या सिंदखेडच्या यात्रेत एखादा वक्ता त्या द्वारपालाचा दाखला देईल. या खुनाला खरे साक्षीदार आहेत. त्यांची मुलाखत घे.

साक्षीदार म्हणजे ग्रंथ. पहिला अब्दुल हमीद लाहोरी, शहाजहानच्या दरबारचा इतिहासकार, 'पादशाहनामा'चा कर्ता. फारसीत, बादशहाच्या हुकमानं आणि बादशहाच्या गौरवासाठी लिहिणारा. त्याला लखुजीरावांच्या मरणाचं दुःख असण्याचं कारण नाही. खुनानंतर जाधव मंडळी मोगलांकडे आली आणि बादशहानं त्यांना मनसबी दिल्या, ही त्याच्या दृष्टीनं मुख्य गोष्ट, आणि खून ही तिची प्रस्तावना. दुसरा कवींद्र परमानंद, नेवाश्याचा, शिवाजी महाराजांच्या पदरचा. 'शिवभारत' संस्कृतात, घटनेनंतर चाळीसेक वर्षांनी रचलेलं. तो ज्याचं चरित्र लिहितो आहे त्याचे आजोबा या खुनात गेलेले, त्यामुळं त्याचा स्वर तापलेला. तिसरी जेधे शकावली, कारीच्या जेधे देशमुखांच्या दफ्तरातली, लोकमान्य टिळकांनी 1916 साली उजेडात आणलेली. ती काव्य करत नाही, रागावत नाही. तिथी आणि घटना, की पुढची नोंद.

तिघांना तीन खुर्च्यांवर बसवावं आणि एकच प्रश्न विचारावा, अशी माझी कल्पना. लाहोरी बोलत असताना कॅमेऱ्यानं त्याच्या अंगावरची खिलत दाखवावी. परमानंद बोलत असताना तो कुणाच्या दरबारात उभा आहे हे दिसावं. शकावलीचं पान नुसतं वाचावं. प्रेक्षकानं प्रत्येकाचं ऐकताना त्याची नोकरी कुठं आहे हे डोळ्यांसमोर ठेवावं. कल्पित माहितीपटाचा घाट खऱ्या अर्थानं इथं उपयोगी पडतो. मेलेल्या ग्रंथकारांना बोलतं करता येतं, आणि त्यांच्या शब्दाबाहेर जायची गरज पडत नाही.

मग उरतो हेतू, आणि तिथं हा विषय खोल होत जातो. लखुजीराव निजामशाहीतले मोठे सरदार. स्वतःचं सैन्य, स्वतःचा मुलूख, घराणं देवगिरीच्या यादवांपासून मूळ सांगणारं. ज्या किल्ल्यात त्यांना मारलं तो त्यांच्या पूर्वजांचा म्हणवला जाणारा किल्ला होता. मलिक अंबरच्या काळात ते निजामशाही सोडून मोगलांकडे गेले होते. 1624 साली अहमदनगरजवळ भातवडीला लढाई झाली, तेव्हा जावई शहाजीराजे निजामशाहीकडून लढत होते आणि सासरे मोगलांकडून. 1626 मध्ये अंबर वारला. त्या राज्याला एकत्र धरून ठेवणारा तोच एक माणूस होता. त्याच्यामागं दरबारात हमीदखानासारख्यांचं वजन वाढलं. लखुजीराव परत निजामशाहीत आले. एकदा गेलेला पुन्हा जाईल, ही शंका निजामशहाच्या मनात किती दिवस मुरत होती आणि तिला खतपाणी कुणी घातलं, हा खरा कट आहे. तलवार चालवणाऱ्यांची नावं त्यापुढं गौण आहेत.

त्याआधीची एक घटना चित्रपटात आलीच पाहिजे, असं मी हट्टानं सांगितलं. खंडागळ्यांच्या हत्तीची. दरबार सुटून सरदार बाहेर पडत असताना खंडागळे सरदारांचा हत्ती बिथरला. तो माणसं तुडवू लागला तेव्हा लखुजीरावांचा मुलगा दत्ताजी त्याच्यावर धावून गेला. शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजी हत्तीच्या बाजूनं मधे पडले. हत्ती राहिला बाजूला, जाधव आणि भोसले एकमेकांवर उठले. संभाजीच्या हातून दत्ताजी पडला. लखुजीराव वाटेतून परत फिरले आणि त्यांनी संभाजीला मारलं. शहाजीराजेही त्या झटापटीत जखमी झाले. जिजाऊंचा भाऊ गेला तो सासरच्या हातून, दीर गेला तो बापाच्या हातून, आणि नवरा जखमी होऊन घरी आला. 1629 साली दरबारात मारला गेलेला यशवंतराव हा या दत्ताजीचाच मुलगा. बाप हत्तीपायी गेला आणि मुलगा आजोबांसोबत गेला. या घरावर काय काय कोसळलं हे समजायला मला तरी एवढी एकच गोष्ट पुरली.

आता त्याच्या प्रश्नाकडे येतो. मारणारा आधीच ठाऊक असताना लोक बसतात का? बसतात, आणि मराठीत ते झालेलं आहे. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा '22 जून 1897' हा चित्रपट 1979 साली आला. संवाद विजय तेंडुलकरांचे, टिळकांच्या भूमिकेत सदाशिव अमरापूरकर. प्लेगच्या बंदोबस्तासाठी पुण्यात आलेला अधिकारी रँड, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची रात्र, गणेशखिंडीतून परतणाऱ्या बग्ग्या आणि चापेकर बंधू. नावच तारखेचं आहे. तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं की त्या रात्री कुणी कुणाला मारलं. रँडच्या आधी लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड 3 जुलैला मेला, दामोदरपंत 18 एप्रिल 1898 रोजी येरवड्यात फाशी गेले, हे सगळं मराठी माणसाला पाठ. त्या कटाचा उत्तरार्ध तर अधिक जड आहे. वीस हजार रुपयांचं इनाम जाहीर झालं, द्रविड बंधूंनी माहिती पुरवली, 8 फेब्रुवारी 1899 रोजी वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी त्या दोघांना मारलं, आणि मे महिन्यात पाच दिवसांच्या आत वासुदेव, रानडे, बाळकृष्ण असे तिघं फासावर गेले. शेजारपाजार, मैत्री, पैसा, भीती यांतून माणसं कशी एकमेकांच्या हातात सापडतात, हे पाहायला लोक बसतात. मारेकऱ्याचं नाव कळणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

मी त्याला आणखी एक सांगितलं, आणि ते सांगताना माझा आवाज चढला. ही कथा आज दोन धर्मांच्या भांडणाची म्हणून सांगणं फार सोपं आहे. निजामशहा मुसलमान, जाधव हिंदू, दरबारात दगा. पंधरा सेकंदांचा तुकडा कापून मोबाइलवर फिरवला की काम झालं. आणि माहितीपटासारखा दिसणारा तुकडा असेल तर तो पुरावा म्हणून फिरेल. पण त्यानंतर काय झालं ते पाहा. जाधव कुटुंब आश्रयाला गेलं ते मोगलांकडे. शहाजीराजेही निजामशाहीला पाठ फिरवून काही काळ मोगलांकडे राहिले. ज्या निजामशहानं हा खून करवला त्याला दोन-तीन वर्षांतच मलिक अंबरच्या मुलानं, फत्तेखानानं, संपवलं आणि एक पोर गादीवर बसवलं. जून 1633 मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेलं. आणि तेव्हा ती मोडकी निजामशाही वाचवायला कोण उभं राहिलं? लखुजीरावांचे जावई. शहाजीराजांनी पेमगिरीवर निजामशाही वंशातलं एक मूल मांडीवर घेऊन राज्य चालवलं, आणि 1636 पर्यंत मोगलांशी झुंज दिली. सासऱ्याचा आणि मेहुण्यांचा जीव घेणाऱ्या तख्तासाठी लढताना त्यांच्या मनात काय होतं, आणि घरी जिजाऊंच्या मनात काय होतं, हे दाखवण्याची धमक असेल तर चित्रपट कर. हे वगळून केलेला चित्रपट इतिहासाशी केलेली दुसरी दगाबाजी ठरेल. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग वहीत 'पेमगिरी' लिहून त्याखाली रेघ ओढली.

माझ्या मते या चित्रपटाची नायिका म्हाळसाबाई आहेत. लखुजीरावांच्या पत्नी, काही ठिकाणी त्यांना गिरिजाबाई म्हटलं आहे. किल्ल्यात काय झालं हे तळावर कळलं तेव्हा त्यांनी आकांत करत बसून वेळ घालवला नाही. दीर जगदेवराव आणि मुलगा बहादुरजी यांच्यासह उरलेलं कुटुंब घेऊन त्या सिंदखेडकडे निघाल्या. आजच्या रस्त्यानं दौलताबाद ते सिंदखेड शंभर किलोमीटरहून जास्त भरतं, आणि दिवस श्रावणाचे. या पट्ट्यातली काळी माती ओली झाली की माणसाचा पाय घोट्यापर्यंत रुततो. मधे दुधना आहे, कुंडलिका आहे. मागून पाठलाग येईल ही धास्ती, सोबत लेकरं आणि त्याच दिवशी विधवा झालेल्या सुना, आणि मनात चार प्रेतं जी ताब्यात मिळालेली नाहीत. दरबारातला खून दोन मिनिटांत उरकावा आणि हा प्रवास अर्धा तास चालावा, असं मला वाटतं. संगीत नको. चिखलातून उचलणाऱ्या टापा आणि पाऊस एवढंच ऐकू यावं.

आणि जिजाऊ. त्या पौर्णिमेनंतर सात महिने पुरे व्हायच्या आत, 19 फेब्रुवारी 1630 रोजी, शिवनेरीवर शिवाजीराजे जन्मले. म्हणजे बातमी आली तेव्हा हे मूल पोटात होतं. पुढं ते मूल अफजलखानाच्या भेटीला अंगात चिलखत घालून गेलं. आग्र्याच्या दरबारात जाऊन परत आलं. भेटीला बोलावणाऱ्या बलाढ्याच्या घरी काय होऊ शकतं, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नसणार. आईनं काय सांगितलं याचा कागद असत नाही, पण आजोबा, मामा कसे गेले हे कुठल्या आईनं लपवलं असतं? इथं मी त्याला कल्पनेची मुभा दिली. एकच दृश्य, आई सांगते आहे आणि मुलगा विचारतो आहे. मात्र ते दृश्य नाटकासारखंच दिसावं, दिव्याच्या स्थिर उजेडात, कॅमेरा न हलवता, म्हणजे पाहणाऱ्याला हे रचलेलं आहे हे न सांगता कळेल. बाकी अचलोजीच्या वंशात पुढं सेनापती धनाजी जाधव झाले आणि औरंगजेबाच्या फौजांना त्यांनी झोपू दिलं नाही, एवढं अखेरच्या पाटीवर आलं तरी पुरे.

सिंदखेडची समाधी त्यानं आधीच टिपून ठेवली आहे. प्रचंड दगडी वास्तू, आतला गारवा, आणि आजूबाजूला पुरातत्त्व खात्याचं चाललेलं काम. जून 2024 मध्ये तिथंच, समाधीजवळच्या खोदकामात, दोन मीटरपेक्षा खोल शेषशायी विष्णूची सुंदर मूर्ती निघाली तेव्हा सगळा तालुका पाहायला लोटला होता. त्या गर्दीचंही चित्रण त्याच्याकडे आहे. ते चित्रपटात कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, "काका, इतकी मानसं समाधीपाशी आली अन् एकानंबी इचारलं नाही की आत कोण हाय अन् कसा मेला. हे दाखवाव लागन ना."

ते दृश्य राहतंय. द्वारपालाची आणि मशालजीची मुलाखत त्यानं काढून टाकली आहे, तोंड झाकलेला सरदारही गेला. लाहोरीच्या भूमिकेसाठी जालन्याच्या एका उर्दू शिक्षकांशी बोलणं चालू आहे. फारसी वाक्यं नीट उच्चारणारं माणूस त्याला हवं आहे. प्रवासाचं चित्रण श्रावणातच करायचं, खडकपूर्णेच्या काठच्या काळ्या रानात, पाऊस पडत असताना. घोडी मिळतील. अडचण आहे ती म्हाळसाबाईंची. घोड्यावर बसता येणारी, पन्नाशीतली आणि चिखलात उतरायला तयार असलेली बाई तो शोधतो आहे, आणि तालुक्यातल्या प्रत्येक महिला मंडळात त्यानं निरोप ठेवला आहे.